वही उघडण्याआधी टाळी दे

अगं, गायनाच्या प्रारंभिक, म्हणजे पहिल्या परीक्षेसाठी स्वरलिपीच्या (गाणं खुणांनी लिहायच्या पद्धतीच्या) व्याख्या पाठ करत बसलीस ना, म्हणून लिहितेय. आधी भूप राग घे. त्यात म आणि नी नाहीत, बाकी पाचही स्वर शुद्ध, त्यामुळे लिहिताना कोमल (उतरलेला) किंवा तीव्र (चढलेला) स्वर दाखवायची खूणच लागत नाही. सरगम गा, मग लगेच लिही. ऐकलेलं कागदावर उतरवता आलं की अर्धं काम झालं.

खुणा फार नाहीत. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. खाली टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक; वर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. पण जुन्या वह्यांपासून सावध! पलुस्कर या दुसऱ्या पद्धतीत वरचं टिंब मंद्राचं असतं. मी एकदा दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेतलेली अख्खी बंदिश वरच्या सप्तकात गायले होते, घसा बसला तो वेगळाच.

सगळ्यांचं अडतं ते तालात. त्रितालाच्या १६ मात्रा तोंडाने सगळेच म्हणतात. तू हाताने म्हण. १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर ‘खाली’, म्हणजे टाळी न देता तळवा उलटा. ठाणे-वाशी लोकलमध्ये मांडीवर बोटांनी हेच करत जा, कोणी बघत नाही. मग बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेवरून उठतो की आणखी कुठून, ते शोध. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठल्या अक्षरावर येते तिथे फुली मार. अवग्रह (ऽ) दिसला तर नवा शब्द शोधू नकोस, आधीचंच अक्षर लांबवायचं.

आणि पेन्सिलनेच लिही गं, बाईंच्या क्लासला खोडायला लागतंच.