नुसतं पाणीही तापतंय? आधी लेसरची तरंगलांबी बघा

सोन्याच्या नॅनोरॉडची (लेसरने तापवून कॅन्सरची गाठ जाळण्यासाठीच्या अतिसूक्ष्म कांड्यांची) नळी आणि नुसत्या पाण्याची नळी, लेसरखाली दोन्ही जवळपास सारख्याच तापतात, आणि तुमचे संशोधनाचे गाइड म्हणतात रॉड नीट झाले नाहीत. तुमची ही पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण माझंही अगदी हेच झालं होतं. रॉड उत्तम होते. लेसर चुकीचा होता.

तुम्ही लेसरबद्दल ‘एनआयआर, 2 वॅट’ एवढंच लिहिलंय (एनआयआर म्हणजे निअर-इन्फ्रारेड, लाल रंगापलीकडचा प्रकाश). तरंगलांबी 808 नॅनोमीटर आहे की 980? 980 असेल तर पुढचं वाचा. 808 च्या आसपास पाणी प्रकाश फारसा शोषतच नाही. 980 ला ते त्याच्या वीस पटींहून जास्त शोषतं. म्हणजे नळीत सोनं असो वा नसो, ती तापणारच. शरीरातही पाणीच आहे, त्यामुळे गाठीबरोबर शेजारची निरोगी ऊतीही भाजते. सोनं नसेल तिथे प्रकाशाने काही करू नये, या उपचाराचा सगळा जीव यातच आहे. राइस विद्यापीठात नाओमी हॅलास आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गोळीवर सोन्याचं कवच चढवून त्याचं शोषण मुद्दाम 800 च्या आसपास आणलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये माउंट सायनायला प्रोस्टेट कॅन्सरच्या 16 रुग्णांवर ते वापरलं (निष्कर्ष 2019 मध्ये छापून आले), तेव्हाही लेसर 810 चाच होता.

आता माझ्याकडे 980 आला कसा? इंडेंटमध्ये (खरेदीच्या मागणीपत्रात) 808 स्पष्ट लिहिलं होतं. आमच्या खरेदी विभागाने त्यापुढे ‘किंवा समतुल्य’ जोडलं, कारण म्हणे एकाच आकड्यावर अडलं तर स्पर्धा होत नाही. कंपॅरेटिव्ह स्टेटमेंटमध्ये (दरांच्या तुलनेच्या तक्त्यात) 980 वाला एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्त, ठरला. हरकत घेतली तर उत्तर मिळालं, “दोन्ही इन्फ्रारेडच ना? दोन्ही दोन वॅटचेच ना?” मार्च एंड होता, ऑर्डर गेली. पुढे बदलून मागितला तर शेरा आला की उपकरण चालू स्थितीत आहे, दुसरं घेतलं तर ऑडिटला काय सांगायचं! पाण्याच्या शोषणाचा आलेख जोडून पत्रं दिली, ती फाइलला लागली. ज्याला आलेख वाचता येत नाही त्याच्या हातात तांत्रिक समतुल्यतेचा निर्णय असूच नये, हे माझं ठाम मत आहे. सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी खरेदीची माणसं स्वतः प्रयोगशाळेत येऊन विचारतात.

गाइडना पटवायचं असेल तर वाद घालू नका. केमिस्ट्रीवाल्यांकडून एनएमआरसाठी (रेणूंची रचना तपासण्यासाठी) आणलेलं जड पाणी, म्हणजे हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेलं पाणी, थोडं मागून घ्या. एका नळीत साधं पाणी, दुसरीत जड पाणी, सोनं कशातच नाही. 980 खाली साधं तापेल, जड फारसं तापणार नाही. कारण जड पाणी त्या तरंगलांबीला फार कमी शोषतं. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची तार मात्र किरणात येऊ देऊ नका, ती स्वतःच तापते आणि खोटा आकडा दाखवते.

मग 980 चं करायचं काय? अपकन्व्हर्जनवर (इन्फ्रारेड प्रकाशाचं दृश्य प्रकाशात रूपांतर करणाऱ्या कणांवर) काम करणारं कुणी जवळपास असेल तर त्यांना शोधा. त्यांच्या कणांतल्या यटर्बियम या मूलद्रव्याला हाच प्रकाश लागतो, त्यामुळे त्यांना तो हवाच असतो. 808 त्यांच्याकडे पडून असेल तर अदलाबदल करा, कागदावर ‘सामायिक वापर’ लिहा. रॉड लांब करून शोषण 980 ला नेण्याचा सल्ला कुणी देईल. माझ्या मते त्यात वेळ घालवू नये, पाणी मध्ये येतंच.

808 मिळाल्यावरही प्रत्येक वेळी लेसर मारून झाल्यावर यूव्ही-व्हिज (कोणत्या तरंगलांबीला किती शोषण होतं त्याचा आलेख) पुन्हा काढा. 800 चं शिखर खचून 520 चं वर आलं तर रॉड वितळून गोल झालेत. पेशींवर टाकण्याआधी सीटॅब (रॉड बनवताना वापरलेलं, पेशींना विषारी रसायन) नीट काढा, नाहीतर पेशी लेसरने मेल्या की सीटॅबने, हे कळणार नाही.

तुमच्या पोस्टखाली एकांनी काकांसाठी हा उपचार कुठे मिळेल असं विचारलंय. मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेतला माणूस आहे. माझ्या माहितीप्रमाणे हे अजून चाचण्यांच्या पातळीवर आहे, त्यामुळे चालू उपचार थांबवू नका, ऑन्कॉलॉजिस्टशीच बोला. सुवर्णभस्म घेऊन लेसर मारणं म्हणजे हा उपचार नव्हे. यातल्या कणांचं माप आणि कवच ठरावीक प्रकाशासाठी जुळवलेलं असतं.

आणि गॉगल तपासा. हिरव्या 532 साठीचा गॉगल 808 किंवा 980 अडवेलच असं नाही, आणि हा किरण डोळ्यांना दिसत नाही. काचेवर तुमची तरंगलांबी छापलेली नसेल तर तोवर लेसर चालू करू नका.