आमदाराकडे अभ्यासाचं काम म्हणजे नेमकं काय

भो, तू विचारलंय की एम.ए. राज्यशास्त्र झालंय, चोपड्याचा आहे, आमदाराकडे धोरण-संशोधनाचं काम करायचंय, तर तिथं करावं काय लागतं. मी आपल्या जळगाव जिल्ह्यातल्याच एका आमदारांकडे सहा वर्षं काढली, म्हणून लिहितो.

पहिले डोक्यातून हे काढ की तू कायदे घडवशील. विधेयकावर पक्षाचा व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं त्याचा आदेश, निघाला की संपलं, १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून व्हीपविरोधात मत दिलं तर आमदारकीच जाऊ शकते, मग तुझं वीस पानी टिपण कोण वाचतो. तुझा खरा उपयोग प्रश्नांत. तारांकित (मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचा प्रश्न), लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्याचं निवेदन मागणारी सूचना), कपात सूचना (खात्याच्या खर्चात कपात सुचवून तक्रार मांडायची).

तारांकितचा साचा ठरलेला: (१) अमुक झालं हे खरे आहे काय, (२) असल्यास चौकशी केली काय, (३) काय कारवाई केली, (४) नसल्यास विलंबाची कारणे काय. माझा पहिला प्रश्न केळीच्या विम्याचा. जोशात लिहिलं, 'जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादक विम्यापासून वंचित आहेत हे खरे आहे काय'. उत्तर आलं: (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. जिल्ह्यात काही जणांना पैसे मिळालेच होते ना, खात्याला खोटं बोलायचीही गरज पडली नाही. साहेबांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि चहा पीत बसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फळपीक विमा हवामानावर असतो, म्हणजे महसूल मंडळातलं (काही गावांच्या गटातलं) हवामान केंद्र काय आकडा दाखवतं त्यावर, तुमच्या बागेत काय झालं त्यावर नाही. मग पुढच्या अधिवेशनाला एकच मंडळ धरलं, तिथलं रोजचं तापमान, हप्ता भरल्याच्या पावत्या, कृषी कार्यालयाची पोच, सगळं आधी गोळा केलं आणि प्रश्नात तारखा घातल्या. 'अंशतः खरे आहे' आलं! तेवढं बस होतं, खालचे पोटप्रश्न जिवंत राहतात. आणि खरं सांगू, उत्तर लिहायला मंत्रालयातून जिल्ह्याला फोन येतो ना, तेव्हाच वर्षभर पडलेली फाइल हलते, सभागृहात नंबर लागो न लागो.

बाकी दिवस बदल्या, जळालेली डीपी, दवाखान्याचं बिल, शिफारस पत्रं यात जातो. वैतागू नको, एकाच फीडरवरच्या, म्हणजे एकाच वीजवाहिनीवरच्या, तीन गावांची माणसं एका आठवड्यात आली की समज, प्रश्न तयार झाला. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला नागपूर, भुसावळहून रात्रीची गाडी, बॅगेत फाइली आणि कळण्याची भाकरी.

पैशाचं आधी बोल. सरकार एका पीएचा पगार देतं, पण तिथं साहेबांचा जुना माणूस बसलेला असतो. मी लाजलो, पाच महिने नुसत्या पेट्रोलच्या पैशावर काम केलं. पंचविशीच्या आत असशील तर पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप बघ, पण ती दिल्लीत, खासदारांसोबत संशोधन-सहायक म्हणून.

विधानमंडळाच्या वेबसाइटवर प्रश्नोत्तरांच्या याद्या पीडीएफमध्ये पडल्या आहेत. आपल्या भागातले प्रश्न काढ, 'प्रश्न उद्भवत नाही' आलेले चार-पाच निवडून कागद जमव, नव्याने लिही आणि तेच घेऊन आमदारांना भेट. बायोडाटा मागितला तरच दे.