व्यंजन म्हणजे कोरड्यास

परभणीतल्या सहा जणांचा प्रश्न आहे. हे सगळे मिळून एक नवी भाषा रचत आहेत. ध्वनींचा तक्ता करायला बसले आणि पहिल्याच रकान्यावर वाद झाला: 'क'ला अक्षर म्हणायचं, वर्ण म्हणायचं, की व्यंजन? वर पुस्ती अशी, की 'व्यंजन म्हणजे तर खाण्याचा पदार्थ ना?'

त्या पुस्तीनेच डोकं फिरलं. हॉटेलच्या पाट्यांवर 'अस्सल मराठवाडी व्यंजने', पंगतीत माईकवरून 'विविध व्यंजनांचा आस्वाद'. ही हिंदीची उसनवारी, आणि तीही अर्धवट. पुरणपोळी हे व्यंजन नव्हे. तिच्यावरचं तूप व्यंजन, वाटीतली येळवणी व्यंजन. पोळी ती पोळीच.

अक्षर आणि वर्ण आधी उरकून टाकू. ऋक्प्रातिशाख्य या वेदकाळच्या उच्चारशास्त्राच्या ग्रंथाने अक्षराची व्याख्या एका ओळीत केली आहे: 'सव्यञ्जनः सानुस्वारः शुद्धो वापि स्वरोऽक्षरम्'. म्हणजे स्वर हवाच, व्यंजन असलं तर असलं. 'का' हे अक्षर, 'आ' हेही अक्षर, नुसता 'क्' मात्र नाही. वर्ण म्हणजे सुटा ध्वनी. आणि अर्थ बदलवणारा ध्वनी हवा असेल तर त्याला स्वनिम म्हणा. 'हे जग' मधला ज आणि 'तू जग' मधला ज तोंडाने वेगळे, अर्थाने वेगळे, कागदावर मात्र एकच. तुमच्या तक्त्यात स्वनिम मोजायचे आहेत, चिन्हं नव्हेत.

आता व्यंजन. धातू 'अञ्ज्', म्हणजे माखणे, चोपडणे. डोळ्यांत घालायचं अंजन यातलंच, दिवाळीचा अभ्यंग यातलाच. 'वि' लागला की व्यंजन, आणि व्यक्त, व्यक्तीही. पाणिनीचं सूत्रच आहे, 'अन्नेन व्यञ्जनम्' (अष्टाध्यायी 2.1.34), आणि त्याचं ठरलेलं उदाहरण दध्योदन, दहीभात. भात हे अन्न, दही हे व्यंजन. गंमत अशी, की 'क् ख् ग्'ना पाणिनी आपल्या सूत्रांत 'हल्' म्हणतो. व्यंजन हा शब्द इथे स्वयंपाकघरातला.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: कोरड्यास. रूपच पाहा ना, 'कोरड्याला'. कोरड्या भाकरीस काहीतरी हवं, ते कोरड्यास. कालवणही तसंच, कालवायचं ते. ज्वारीची भाकर म्हणजे स्वर, एकटी पोटभर होते; ठेचा म्हणजे व्यंजन, नुसता खाऊन दाखवा. 'अर्थ व्यक्त करतं ते व्यंजन' ही पंडिती व्युत्पत्ती मला मागाहून चिकटवलेली वाटते. आधी चोपडणं, मग तोंडी लावणं, मग व्याकरण, हाच क्रम मला पटतो.

क्रमिक पुस्तकातली व्याख्या मात्र पटत नाही: स्वराच्या मदतीशिवाय उच्चार होत नाही ते व्यंजन. पाणिनीच्या सूत्रांवर महाभाष्य लिहिणारा पतंजलीही हेच म्हणतो. म्हणेना का! वर्गात पोरांना गप्प करताना गुरुजी जो लांबलचक 'श्श्श्' करतात त्यात स्वर कुठाय? त्याच जागी पतंजली 'अन्वग् भवति व्यञ्जनम्' म्हणतो, व्यंजन स्वराच्या मागून जातं. तेवढं खरं.

याचा तुमच्या तक्त्याशी संबंध आहे. तुम्ही भाकर थापायच्या आधी कोरड्यास किती करायचं ते मोजत बसला आहात. आधी अक्षराचा साचा ठरवा. दहा व्यंजनं आणि पाच स्वर घेतले, साचा 'व्यंजन + स्वर' ठेवला, तर 50 अक्षरं होतात आणि दोन अक्षरी शब्द 2,500. आणखी दोन व्यंजनांसाठी भांडलात तर 60 अक्षरं, 3,600 शब्द. त्याऐवजी दहाच ठेवून अक्षराच्या शेवटी हवा तर 'न्' चालेल असं ठरवलं, की अक्षरं 100 आणि शब्द 10,000. भांडायचंच तर इथे भांडा.

शेवटी 'न्' घेतला तर 'म्' घेऊ नका. 'प'च्या आधी 'न्'चा आपोआप 'म्' होतो. कानपा आणि कामपा दोन्ही कानाला एकच. अक्षर स्वराने सुरू होऊ देऊ नका, नाहीतर 'कान्-आ' आणि 'का-ना' यांत फरक उरत नाही. यि, वु, वो ही तीन अक्षरं गाळा. 'एक'ला येक आणि 'ओठ'ला वठ म्हणणाऱ्या मुलखात ती टिकायची नाहीत. टोकी पोना या 2001 साली रचलेल्या भाषेमध्ये नऊ व्यंजनं, पाच स्वर आणि शेवटी फक्त न्, आणि ही तीन अक्षरं तिथेही वर्ज्य. लोज्बान तर गटानेच रचलेली भाषा, 1987 पासूनची. तिचे मूळ शब्द नेमके पाच वर्णांचे, साचे दोनच, आणि शेवट नेहमी स्वराने.

मग चाचणी. ज्या दोन ध्वनींवर वाद आहे त्यांचे दहा-दहा शब्द मिसळून एकाने पाठ फिरवून वाचायचे, पाच जणांनी लिहायचे. 100 उत्तरं येतील. पन्नासच्या आसपास बरोबर आली तर ते निव्वळ अंदाजपंचे. 95 च्या खाली गेली तर एक ध्वनी काढून टाका. वाचणारा बदलत राहा, कारण ऐकू येणाऱ्याला म्हणता येईलच असं नाही. आपल्या भागात न-ण पहिल्याच फेरीत पडेल. 'पानी' म्हणणाऱ्याला हसू नका. तुमच्या भाषेत ण घातलात कशाला? दखनी बोलणारं कुणी असेल तर क़-ख़ही पडेल, त्यांच्याकडे क़ाज़ीचा ख़ाज़ी होतो. इ-ई, उ-ऊ हा भेद तर घेऊच नका, तो मराठीत शुद्धलेखनापुरता उरला आहे.

देवनागरीत लिहिणार असाल तर स्वर 'आ' घ्या, 'अ' नको. 'कमल' लिहिताना चिन्हं तीन, तोंडात अक्षरं दोनच, क-मल्. शेवटचा अ आपण गिळतो. सहांतले तिघे गिळतील, तिघे नाही. प्रत्येक चिन्हावर मात्रा असली की हा घोळच संपतो, आणि बोडकं राहील ते फक्त 'न्'.

'क'चं राहिलंच. पाय मोडलेला 'क्' हे व्यंजन, 'क' हे अक्षर, आणि तुमच्या भाषेत 'क' नाहीच, 'का' आहे.