फायबर नेट असूनही लाइव्ह व्याख्यानात आवाज आधी आणि ओठ नंतर, असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं थेट प्रक्षेपण करता, त्यासाठी मुद्दाम 100 एमबीपीएसचं फायबर घेतलं, तरी आवाज आधी येतो आणि वक्त्याचे ओठ मागून हलतात. वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज नंतर जोडून केलेलं रेकॉर्डिंग सुरुवातीला ठीक असतं, पण शेवटाकडे बिघडत जातं. आणि साइटवर व्हिडिओशेजारी दाखवलेल्या स्लाइड्स वक्ता बोलायच्या आधीच पलटतात. नेट आणखी वाढवू का, असं विचारलंय.

नका वाढवू. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींत नेटचा वेग जवळजवळ निर्दोष आहे. मी पंचवीसेक वर्षं हेच धंदे करतोय, आधी ई-लर्निंगमध्ये आणि आता कार्यक्रमांच्या प्रक्षेपणात. यातल्या प्रत्येक खड्ड्यात मी स्वतः पडून आलोय.

आवाज आणि चित्र जुळायचं तर दोघांची पाकिटं, म्हणजे नेटवरून जाणारे डेटाचे तुकडे, एकाच वेळी पोचली पाहिजेत, असं आपल्याला वाटतं. तशी ती कधीच पोचत नाहीत, आणि पोचायची गरजही नसते. पंगत आठवा. भात आधी येतो, वरण मागून, तूपवाला कुठेतरी पलीकडच्या रांगेत अडकलेला असतो. तरी सगळे एकदम जेवायला लागतात, कारण श्लोक होईपर्यंत कुणी पानाला हात लावत नाही. प्लेयरचं तेच. जे आधी आलं ते बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, बसवून ठेवायचं आणि वेळ झाली की वाजवायचं. ती वेळ त्याला कळते, कारण प्रत्येक फ्रेमवर आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर शिक्का मारलेला असतो. नेहमीच्या व्हिडिओ प्रवाहात हा शिक्का सेकंदाला 90,000 टिकटिक करणाऱ्या घड्याळाचा असतो. आकडा विचित्र वाटतो, पण त्याला 24, 25 आणि 30 या तिन्हींनी नि:शेष भाग जातो: 3750, 3600, 3000. सिनेमा, आपला टीव्ही आणि अमेरिकेचा टीव्ही, तिघांचीही सोय.

आता तुमचं पहिलं दुखणं. कॅमेऱ्यातून एचडीएमआयने चित्र निघतं, ते लॅपटॉपला घेता येईल असं करणाऱ्या कॅप्चर कार्डात शिरतं, तिथून यूएसबीने लॅपटॉपमध्ये. या वाटेत त्याचे शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. माइकचा आवाज मात्र मिक्सरमधून थेट येतो, जवळजवळ लगेच. शिक्का लॅपटॉपमध्ये बसतो. पत्र पेटीतच उशिरा पडलं तर पोस्टाचा शिक्काही उशिराचाच पडणार. पुढे नेटवर्क हा प्रवाह कितीही इमानदारीने पोचवो, चुकलेले शिक्के ते इमानदारीनेच पोचवणार. खात्री करायची असेल तर लॅपटॉपवरच लोकल रेकॉर्डिंग करून ते वाजवा. तिथेही ओठ मागे असतील, तर नेट निर्दोष सुटलं.

मोजायचं कसं? साउंडचेकच्या वेळी एकाला माइकसमोर उभं करा आणि हात पुरते वर नेऊन टाळी मारायला सांगा. ते लोकल रेकॉर्डिंग एडिटरमध्ये उघडा, आवाजाच्या लाटेतलं टाळीचं टोक शोधा, आणि तिथून तळवे खरंच भिडलेली फ्रेम येईपर्यंत किती फ्रेम जातात ते मोजा. 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. चार फ्रेम गेल्या तर 160. ओबीएस हे प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माइकच्या ओळीत सिंक ऑफसेट नावाचा रकाना आहे, तिथे 160 लिहा. अधिक चिन्हाने आवाज मागे सरकतो. एका तालुक्याच्या गावी मी घाईत उणे 160 लिहिलं आणि फरक दुप्पट करून ठेवला. पूर्ण पहिलं सत्र वक्ते डब केलेल्या सिनेमासारखे दिसत होते. तेव्हापासून आकडा भरला की मी परत टाळी मारायला लावतो. लोक हसतात, हसू देत. कॅमेरा, कार्ड किंवा रिझोल्यूशन बदललं की हा आकडाही बदलतो, म्हणून मागच्या वर्षीचा डोळे मिटून वापरू नका.

मग 20-30 मिलिसेकंद राहिलेच तर? राहू द्या. या विषयावर बरंच मोजमाप झालेलं आहे. राल्फ स्टाइनमेट्झ यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, 80 मिलिसेकंदांपर्यंतचा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नव्हता आणि 160 च्या पुढे तो खटकत होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीत तर दोन बाजूंना दोन वेगळे आकडे आहेत: आवाज पुढे असेल तर 45 मिलिसेकंदांनाच जाणवतं, मागे असेल तर 125 पर्यंत चालून जातं. कारण उघड आहे. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी धुणं आपटत असेल तर आधी हात खाली येताना दिसतो आणि धप् नंतर ऐकू येतं. उशिरा येणारा आवाज आपण जन्मभर ऐकत आलोय. कृतीच्या आधी येणारा आवाज निसर्गात नसतोच, म्हणून तुमचे श्रोते इतक्या लवकर तक्रार करताहेत. एखादाच श्रोता तक्रार करत असेल आणि त्याच्या कानात ब्लूटूथ असेल, तर मात्र आधी त्याला वायरचा इयरफोन लावून बघायला सांगा.

जाता जाता व्हिडिओ कॉलबद्दल, कारण तिथली गंमत वेगळी आहे. तिथे आवाज आणि चित्र आरटीपी नावाच्या प्रोटोकॉलवर दोन स्वतंत्र प्रवाह म्हणून जातात. 1996 मध्ये तो प्रमाणित झाला आणि 2003 मध्ये सुधारला. आवाजाचं घड्याळ बहुधा सेकंदाला 48,000 टिकटिक करणारं, चित्राचं 90,000 चं, आणि दोघांचा सुरुवातीचा आकडा मुद्दाम यादृच्छिक निवडलेला. म्हणजे आवाजाचा शिक्का 7 लाख आणि चित्राचा 31 कोटी असला, तर दोघे एकाच क्षणाचे आहेत की नाहीत हे नुसतं बघून कळणं शक्यच नाही. म्हणून पाठवणारा अधूनमधून एक वेगळी चिठ्ठी पाठवतो: 'माझ्या भिंतीवरच्या घड्याळात अमुक वाजले तेव्हा आवाजाचा आकडा हा होता', आणि तशीच दुसरी चित्रासाठी. या दोन चिठ्ठ्या हातात आल्या की घेणारा गणित मांडतो. कॉल लागल्यावर पहिले एक-दोन सेकंद ओठ कधी कधी भलतीकडे असतात आणि मग अचानक जागेवर येतात, त्यामागे ही चिठ्ठीची वाट असू शकते. आणि नेट अडखळलं तर बळी बहुधा चित्राचा जातो. एखादी फ्रेम थिजली किंवा गळली तर डोळा माफ करतो, आवाजात बारीकशी फट पडली तरी कान चिडतो. म्हणून बहुतेक प्लेयर आवाजाला धरून चालतात आणि चित्राला त्याच्यामागे फरफटत नेतात.

दुसरं दुखणं, रेकॉर्डिंगचं. सुरुवातीला जुळतं आणि शेवटी बिघडतं, याचा अर्थ तुमची दोन घड्याळं वेगवेगळ्या चालीची आहेत. रेकॉर्डरवर 48,000 लिहिलेलं असलं तरी आतला क्वार्ट्झचा स्फटिक नेमका तेवढाच धावत नाही, आणि कॅमेऱ्यातलाही नाही. दोघांत दहा लाखांत साठाचा फरक असला तर दीड तासाच्या, म्हणजे 5400 सेकंदांच्या व्याख्यानात शेवटी 0.324 सेकंद पडतात. आठ फ्रेम. सुरुवातीला कितीही काटेकोर टाळी मारली तरी याला उपाय नाही. म्हणून शेवटीही एक टाळी मारा, आभारप्रदर्शनाच्या टाळ्यांत नव्हे, वेगळी. मग दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्ही फाइलींत मोजा आणि आवाजाची फाइल त्या प्रमाणात ओढून किंवा आखडून घ्या. 0.006 टक्क्यांचा फरक कुठल्याच कानाला कळत नाही. मी स्वतः हा उद्योग टाळतो आणि मिक्सरची एक वायर सरळ कॅमेऱ्याच्या लाइन-इनमध्ये खुपसतो. एकच घड्याळ, भांडणच नाही. चित्रीकरण मोबाइलवर होत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतात आणि काही एडिटर ते मानत नाहीत. अशी फाइल आधी ठरावीक फ्रेमवेगात बदलून घ्या.

स्लाइड्सचं दुखणं मला सगळ्यात जवळचं. 2000 च्या आसपास आम्ही व्याख्यानं 56 केच्या मोडेमवर पोचवत होतो, आणि त्यासाठी स्माइल नावाची भाषा हाताने लिहायचो. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू3सीने ती 15 जून 1998 ला प्रमाणित केली आणि रिअलप्लेयरमध्ये ती चालायची. तिचा गाभा दोन शब्दांचा. एक 'पार', म्हणजे यातलं सगळं एकत्र चालू दे, आणि दुसरा 'सेक', म्हणजे यातलं एकामागून एक. आवाज आणि स्लाइड्सची माळ एका 'पार'मध्ये, आणि माळेतल्या स्लाइड्स 'सेक'मध्ये. झालं व्याख्यान. त्यात लिंकचाही विचार होता. श्रोत्याने मध्येच संदर्भाची लिंक दाबली तर भाषण थांबावं, चालू राहावं की बदलून नवं यावं, हे लिहून ठेवता यायचं. हा प्रश्न ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत लिंडा हार्डमन, डिक बुल्टरमन आणि गुइडो व्हान रोसम यांनी 1994 च्या लेखात नीट मांडला होता. हो, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बनवणारे व्हान रोसमच. स्माइल ब्राउझरमध्ये फारशी रुजली नाही, पण मेली असंही नाही. मोबाइलचे एमएमएस तिच्यावर चालले, आणि दृष्टिहीनांसाठीच्या डेझी पुस्तकांत कुठलं वाक्य कुठल्या आवाजाशी जोडायचं ते तीच सांगते.

तुमच्या साइटवर घोटाळा असा झालाय: व्हिडिओ जातोय एचएलएस नावाच्या प्रक्षेपणपद्धतीने आणि 'स्लाइड पलटा' हा निरोप जातोय वेगळ्या थेट वाटेने. एचएलएस व्हिडिओचे तुकडे करतं, सहसा सहा-सहा सेकंदांचे, आणि लाइव्हमध्ये प्लेयर ताज्या टोकापासून किमान तीन तुकडे मागे राहतो. म्हणजे 18 सेकंद इथेच गेले, वर एन्कोडिंगचे, म्हणजे व्हिडिओ आवळून पाठवण्याजोगा करण्याचे, वेगळे. निरोप मात्र अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. शेजारच्या घरातून 'सिक्स!' ऐकू येतं आणि आपल्या मोबाइलवर बोलर अजून रनअपलाच असतो, तसं.

उपाय असा: निरोप आला की लगेच पलटू नका. वक्त्याने स्लाइड बदलली ती घड्याळाची वेळ निरोपासोबत पाठवा. एचएलएसच्या प्लेलिस्टमध्ये तुकड्यांवर खरी वेळ लिहायची सोय आहे, तिला प्रोग्रॅम डेट टाइम म्हणतात. तुमच्या एन्कोडरमध्ये ती चालू करा. प्लेयरला विचारा, 'तू आत्ता किती वाजताचं चित्र दाखवतोयस?' त्याचं उत्तर निरोपातल्या वेळेच्या पुढे गेलं की स्लाइड पलटा. श्रोता दोन मिनिटं मागे जाऊन बघत असला तरी हेच गणित चालतं. फक्त स्लाइडचा संगणक आणि एन्कोडरचा संगणक, दोघांची घड्याळं एनटीपीने, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीने, लावलेली हवीत. एकदा एका सभागृहातला स्लाइडचा संगणक चार मिनिटं पुढे निघाला होता. आम्ही प्लेयरच्या कोडमध्ये तासभर चूक शोधत बसलो.

हे सगळं करायला हाताशी प्रोग्रामर नसेल, तर स्लाइड सरळ ओबीएसमध्ये वक्त्याशेजारी चौकटीत घाला आणि एकच चित्र पाठवा. निम्म्या मंडळांना मी हेच सांगतो. लिंक दाबता येणार नाहीत आणि छोट्या पडद्यावर अक्षरं बारीक दिसतील, पण पुढेमागे काही होणार नाही.

पुढच्या व्याख्यानाआधी टाळीची चाचणी करून आलेला आकडा आणि कॅप्चर कार्डाचं मॉडेल इथे लिहा. आकडा 300 च्या वर निघाला तर ऑफसेट टाकायच्या आधी कॅमेऱ्याच्या एचडीएमआय सेटिंग्ज एकदा बघाव्या लागतील.