मांडणीविषयी उत्पादक काय सांगतो, ते आधी वाचावे

संगीत ऐकण्यासाठी पहिला हाय-फाय (उच्च ध्वनिगुणवत्तेचा) संच घेण्यापूर्वी, उत्पादक त्याच्या मांडणीविषयी काय आणि किती नेमकेपणाने सांगतो, हे तुम्ही अवश्य पाहावे. स्कॉटलंडच्या लिन कंपनीच्या 'सोंडेक एलपी१२' या टर्नटेबलमध्ये (रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्रात) फिरती तबकडी आणि टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, पेलणारी आतली चौकट तीन स्प्रिंगांवर तोललेली असते. ती तिरकी न डोलता सरळ वरखाली हलली पाहिजे, म्हणून हे यंत्र प्रशिक्षित विक्रेत्याकडूनच जुळवून घ्यावे, असा आग्रह कंपनीने धरला. माझ्या मते असा आग्रह कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक बोलका असतो.

स्पीकरच्या पुस्तिकेतील भिंतीपासूनच्या अंतराकडे नवखे श्रोते बहुधा दुर्लक्ष करतात, याचे मला फार वाईट वाटते. स्पीकरचा दर्शनी भाग मागच्या भिंतीपासून ५० सेंटिमीटरवर असेल, तर तिथून परतणारा ध्वनी सुमारे १७० हर्ट्झपाशी मूळ ध्वनीच्या विरुद्ध पडून त्याला क्षीण करतो, पुरुषगायकाचा भरदार आवाज पोकळ वाटू लागतो आणि दोष मात्र अँप्लिफायरला दिला जातो. पुस्तिकेत केवळ 'भिंतीपासून दूर ठेवा' एवढेच असेल, तर विक्रेत्याला आकडे विचारावेत आणि एकच ओळखीची ध्वनिमुद्रिका लावून, स्पीकर दर वेळी दोन-तीन सेंटिमीटरच सरकवत ऐकावे.