श्रीलंकेच्या डान्सर्ससोबत काम करणार असशील तर

अगं, श्रीलंकेच्या डान्सर्ससोबत काम करणार, मस्तच बातमी! पण लगेच फ्यूजन बसवायच्या मागे लागू नकोस, आधी काही दिवस नुसता त्यांचा रियाज कर. आपल्याला कथकमुळे ताठ उभं राहायची सवय, आणि कँडीच्या (श्रीलंकेतला डोंगराळ भाग) पारंपरिक नाचात गुडघे बाहेर काढून खोल बसायचं, त्याला मंडिय म्हणतात, त्यातच पा सारंब म्हणजे पायांचे १२ बेसिक अभ्यास, मांड्या पेटतात अक्षरशः. आत्तापासून रोज थोडं बसायला लाग, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतच ठेव, आत वळू द्यायचा नाही.

त्यांच्या गॅट बेर या ढोलाचे पण बोल असतात, तत् जित तों नं. तू तुझी पढंत दे, म्हणजे कथकचे बोल तोंडाने म्हण, ते त्यांचे बोल देतील, टाळी धरून समोरासमोर बसा, हालचाल नंतर. मला तर यातूनच खरी ओळख होते असं वाटतं.

बंगळुरूजवळच्या नृत्यग्राम या ओडिसी संस्थेने श्रीलंकेच्या चित्रसेन डान्स कंपनीसोबत २०१२ मध्ये जे केलं ते नक्की बघ, ओडिसी ओडिसीच राहिली, कँडियन कँडियनच.

आणि प्लीज, वेसचा, म्हणजे कँडियन नर्तकाच्या पारंपरिक पोशाखातला मुकुट फोटोसाठी मागू नकोस, तो परंपरेने विधी झाल्यावरच डोक्यावर चढतो.

क्रेडिट कुणाचं, व्हिडिओ कोण वापरणार, हे आधीच लिहून घ्या. कालिदास कलामंदिरात शो असेल तर स्टेजवर अनवाणी चालून बघू दे त्यांना, आणि डिसेंबरात बोलावताय तर आपल्या नाशिकची सकाळची थंडी त्यांना झेपणार नाही, रिहर्सल अकरानंतर ठेवा, वॉर्मअप डबल.