फॉइलने गिळलेला भाग

नागपूर, वैशाख

अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्निअम-252 च्या फिशनमध्ये, म्हणजे केंद्रक दुभंगताना, कधीतरी निघणाऱ्या अल्फांचा (हेलिअमच्या केंद्रकांचा) तुझा आलेख पाहिला. शिखर 16 एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) आसपास आलंय, रुंदीही पटण्यासारखी आहे. खटकलं ते खाली लिहिलेलं: 'अल्फांचा ऊर्जावर्णपट, 0 ते 30 एमईव्ही'. शून्यापासूनचं तू पाहिलंस कुठे?

कॅलिफोर्निअम-252 ची शंभरातली 97 केंद्रकं 6.1 एमईव्हीचा साधा अल्फा टाकून मोकळी होतात. फिशन उरलेल्या तिनांच्या वाट्याला, आणि त्यातही काहीशे फिशनमागे एखाद्यातच तिसरा हलका कण निघतो, तो बहुतेकदा आपल्याला हवा असलेला अल्फा. म्हणजे हव्या असलेल्या एका अल्फामागे नकोसे दहा हजारांच्या घरात! ते आणि फिशनचे जड तुकडे अडवायला तू सुमारे 30 मायक्रॉनची अ‍ॅल्युमिनिअम फॉइल लावलीस, ते योग्यच. पण ही फॉइल टोलनाक्यासारखी आहे. सुटणाऱ्या प्रत्येकाकडून ती वसुली करते. मंद कणाकडून जास्त, वेगवानाकडून कमी. म्हणून गमावलेली ऊर्जा परत जोडताना सगळ्या चॅनेलना (ऊर्जेच्या कप्प्यांना) एकच आकडा मिळवून भागत नाही.

जाडी पाकिटावरची धरू नकोस. अमेरिशिअम-241 चा 5.486 चा अल्फा या फॉइलमधून बाहेरच येणार नाही. थोरिअम मालिकेतल्या पोलोनिअम-212 चा 8.784 वाला घे. फॉइल लावल्यावर त्याचं शिखर किती खाली सरकतं, त्यावरून जाडी काढ आणि वजन भागिले क्षेत्रफळ करून आलेल्या जाडीशी ताडून बघ. दोन्ही जुळेपर्यंत पुढे जाऊ नकोस.

आणि हो, आपलं ऊन! तापमान सात-आठ अंशांनी चढलं की सिलिकॉन डिटेक्टरचा लीकेज करंट (कण नसतानाही झिरपणारा प्रवाह) जवळपास दुप्पट होतो. सकाळचं कॅलिब्रेशन (कोणता चॅनेल म्हणजे किती ऊर्जा हा मेळ) दुपारी धरून चालू नकोस. कूलर तर लावूच नको, दमट हवा डिटेक्टरला सोसत नाही. एसी नसेल तर रात्री मोजणी कर.

अल्फांमधून ट्रायटॉन (हायड्रोजन-3 ची केंद्रकं) वेगळे काढायला पुढे पातळ, मागे जाड डिटेक्टर लागतील. ते नंतर बघू.

आता मुख्य गोष्ट. गॉसिअन (घंटेच्या आकाराची वक्ररेषा) 10 एमईव्हीच्या वरच्या बिंदूंवरच बसव आणि खालची रेघ तुटक काढ. तिथे गॉसिअनपेक्षा जास्त कण सापडतात हे माहीत आहे. फिशनमधून आलेलं अस्थिर हेलिअम-5 वाटेतच फुटून निघालेले अल्फा त्यातले बरेचसे. तुझी फॉइल नेमका तोच भाग खाते. सरासरी लिहिताना फिट कुठून कुठपर्यंत केला तेही शेजारी लिही. सुरुवात 9 वर नेऊन, 12 वर नेऊन सरासरी किती हलते ते बघ आणि तिन्ही आकडे मला पाठव. थिसिसमध्ये कोणता जाईल ते मग ठरवू.